पन्नास दिवसांचा पगार : २९ मार्च २०२० च्या आदेशाचं प्रकरण

लॉकडाऊनमधल्या पगाराचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘सरकारनं पूर्ण पगार द्यायला सांगितलं होतं, मालकांनी दिला नाही.’ दुसऱ्या बाजूचं वाक्यही तयार असतं : ‘कोर्टानं तो आदेश उडवला.’ दोन्ही अर्धवट आहेत. सांगितलं होतं हे खरं, पण कोणत्या कायद्याखाली आणि कशासाठी, ते कुणी पाहत नाही. आणि कोर्टानं आदेश उडवला नाही. तो सरकारनंच संपवला, दुसऱ्याच एका आदेशातल्या एका ओळीनं. कायद्याचा कागद कामगाराच्या खिशापर्यंत पोचता पोचता कुठे कुठे अडतो, ते या प्रकरणात जितकं स्वच्छ दिसतं तितकं क्वचितच दिसतं. म्हणून ते जरा सावकाश मांडतो.

आदेशाचा कागद

२४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी घोषणा केली आणि मध्यरात्रीपासून २१ दिवसांसाठी देश बंद झाला. चार दिवस आधी, २० मार्चला, केंद्रीय श्रम मंत्रालयानं राज्यांच्या मुख्य सचिवांना पत्र पाठवलं होतं. मालकांना समजावा, कुणाला कामावरून काढू नका, पगार कापू नका. कामगाराला रजा घ्यावी लागली तरी तो कामावर आहे असं समजा. पत्राचा सूर विनंतीचा होता. न ऐकणाऱ्याचं काय करायचं, ते त्यात नव्हतं.

मग माणसं चालायला लागली. २८ मार्चला दिल्लीच्या आनंद विहार बस टर्मिनसवर गावी जाणाऱ्यांची जी गर्दी उसळली, ती सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिली. दुसऱ्या दिवशी, रविवारी, केंद्रीय गृह सचिव अजय भल्ला यांच्या सहीचा आदेश निघाला. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम १०(२)(एल) खाली.

त्यात पाच गोष्टी होत्या. अडकलेल्या गरीब आणि स्थलांतरित मजुरांसाठी राज्यांनी निवारा आणि जेवणाची सोय करावी. गावाकडे निघालेल्यांना जवळच्या निवाऱ्यात १४ दिवस विलगीकरणात ठेवावं. तिसरी पगाराची : उद्योग असो वा दुकान, व्यापारी आस्थापना, सर्व मालकांनी बंदच्या काळातलं वेतन कामगारांना कामाच्या ठिकाणी, ठरलेल्या तारखेला, कोणतीही कपात न करता द्यावं. चौथी, कामगार भाड्यानं राहत असतील तिथे घरमालकानं महिनाभर भाडं मागू नये. पाचवी, मजुरांना किंवा विद्यार्थ्यांना खोली सोडायला लावणाऱ्या घरमालकावर कारवाई व्हावी.

पाचही एका ओळीत ठेवून वाचली की आदेशाचा रोख कळतो. माणूस आहे तिथेच राहावा, रस्त्यावर येऊ नये. जेवण, खोली, पगार ही त्याला जागेवर धरून ठेवायची साधनं. आदेशाची सुरुवातच मुळी मोठ्या संख्येनं झालेल्या स्थलांतराच्या उल्लेखानं होते. पगाराच्या हक्काचा विचार करायला कुणी बसलं आणि त्यातून हे वाक्य निघालं, असं मला तरी वाटत नाही. ते साथ रोखायच्या कामात ओघानं आलं.

‘कामाच्या ठिकाणी’ हे शब्द पुन्हा वाचा. कामाचं ठिकाण तर बंद. गेटला कुलूप, वॉचमन आत, अकाउंटंट घरी. मग पगार कामाच्या ठिकाणी द्यायचा कसा? आणि जो २७ तारखेलाच चालत निघून गेला, तो या वाक्यात बसतो की नाही? गावी पोचलेल्याला पगार मिळणार की फक्त थांबलेल्याला? त्या एप्रिलमध्ये मला आलेल्या फोनपैकी निम्मे याच प्रश्नाचे होते, आणि आदेशात उत्तर शोधून सापडत नव्हतं. एका अकाउंटंटनं तर अगदी गंभीरपणे विचारलं, ‘कोणतीही कपात नाही म्हणजे फंडही कापायचा नाही का?’ फंड, म्हणजे भविष्य निर्वाह निधी, ही कायद्यानंच ठरवलेली वजावट. आदेशाचा रोख गैरहजेरीच्या कपातीवर होता. पण दोष त्याचा नव्हता. पगारपत्रकाची ओळख नसलेल्या हातानं पगाराचं वाक्य लिहिलं की असे प्रश्न येतातच.

अंमलबजावणीची जबाबदारी कुणावर टाकली ते तर याहून बोलकं आहे. जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक किंवा उपायुक्त यांना आदेशानं व्यक्तिशः जबाबदार धरलं. कामगार आयुक्त, सरकारी कामगार अधिकारी यांच्याकडे ते काम दिलंच नाही. ज्या जिल्हाधिकाऱ्यांना खाटा, मास्क, धान्य, पास हे सगळं बघायचं होतं, त्यांच्याच टेबलावर एप्रिलचा पगारही ठेवला. पुढे एप्रिलमध्ये मुख्य केंद्रीय कामगार आयुक्तांनी वेतनाच्या तक्रारींसाठी देशभरात २० नियंत्रण कक्ष उघडले. वीस, एवढ्या मोठ्या देशाला.

कागदावर शिक्षा मात्र कडक. कलम ५१ प्रमाणे आदेश न पाळल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. पगार थकवला म्हणून तुरुंग! आपल्या कामगार कायद्यांच्या अनुभवात न बसणारी ही गोष्ट होती, आणि तिनंच मालकांना कोर्टाची वाट दाखवली.

महाराष्ट्रानं त्यात भर घातली. ३१ मार्च २०२० च्या शासन निर्णयात खासगी कारखाने, कंपन्या, दुकानं यांतले कायम, कंत्राटी, बाह्यस्रोतातून घेतलेले, तात्पुरते आणि रोजंदारीवरचे कामगार, ज्यांना साथीमुळे घरी बसावं लागलं, ते सगळे कामावर आहेत असं मानून पूर्ण वेतन आणि भत्ते द्यावेत असं म्हटलं. कंत्राटी कामगाराचा स्पष्ट उल्लेख ही या निर्णयाची जमेची बाजू. केंद्राच्या आदेशात ‘सर्व मालक’ एवढंच होतं. कंत्राटी कामगाराचा मालक कोण, हा आपल्याकडचा जुना भिजत पडलेला प्रश्न तसाच राहिला होता.

आणि जे दोन्ही कागदांत नव्हते त्यांच्याबद्दल एवढंच : धुणीभांडी करणाऱ्या बायका, नाक्यावर उभे राहणारे बिगारी, हातगाडीवाले. त्यांच्यासाठी ‘आस्थापना’ हा शब्दच नाही. नोंदणी असलेल्या बांधकाम कामगारांना महाराष्ट्रात कल्याणकारी मंडळाकडून २,००० रुपये खात्यात आले. नोंदणी नसलेल्याला तेही नाहीत.

एका पगारपत्रकावर चार उत्तरं

आता आकडे मांडू, म्हणजे भांडण नेमकं कशाचं होतं ते दिसेल. समजा, इंजिनिअरिंग कारखान्यातला एक कामगार आहे. बेसिक आणि महागाई भत्ता मिळून १०,०००. घरभाडे भत्ता ५००, प्रवास भत्ता १,०००, जेवणाचा भत्ता ७००. ग्रॉस १२,२००. एप्रिल २०२० चा पूर्ण महिना गेट बंद.

गृह मंत्रालयाचा आदेश धरला तर त्याला १२,२०० मिळाले पाहिजेत.

तेव्हा लागू असलेला औद्योगिक विवाद कायदा, १९४७ धरला तर? त्यातली ‘ले-ऑफ’ची व्याख्या अशी की कोळसा, वीज, कच्चा माल नाही, माल साचला, यंत्र बिघडलं किंवा नैसर्गिक आपत्ती आली म्हणून मालक काम देऊ शकत नाही. त्या दिवसांची भरपाई कलम २५-सी प्रमाणे बेसिक आणि महागाई भत्त्याच्या ५० टक्के. आपल्या कामगाराला साधारण ५,०००. तेही कारखाना, खाण किंवा मळा असेल, ५० किंवा त्याहून जास्त कामगार असतील आणि याची सलग एक वर्ष सेवा झाली असेल, तरच. बदली आणि कॅज्युअल कामगार बाहेर. दुकानातला नोकर मुळातच बाहेर.

‘काम नाही तर दाम नाही’ हे तत्त्व धरलं तर शून्य.

चौथं उत्तर मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं दिलं. ते पुढे येईलच. १०,५००.

शून्य, पाच हजार, साडेदहा हजार, बारा हजार दोनशे. एकच माणूस, एकच महिना, आणि प्रत्येक आकड्यामागे काही ना काही कायदेशीर आधार. त्या महिन्यात मालक आणि कामगार दोघंही आपापल्या परीनं खरं बोलत होते, हे मला आजही या प्रकरणातलं सगळ्यात अवघड सत्य वाटतं.

खिसा कुणाचा

साथीत काम थांबलं तर पगाराचा भार कुणी उचलायचा, यावर त्या आठवड्यांत जगात वेगवेगळे निर्णय होत होते. ब्रिटननं २० मार्चला योजना जाहीर केली : घरी बसवलेल्या कामगाराच्या पगाराचे ८० टक्के, महिन्याला २,५०० पौंडांपर्यंत, सरकार देणार. जर्मनीत ‘कुर्त्सआर्बाइट’ची पद्धत जुनीच होती, कमी झालेल्या निव्वळ पगाराचे ६० टक्के, मूल असेल तर ६७ टक्के, सरकारी रोजगार संस्थेकडून. दोन्हीकडे मालकाला सांगितलं होतं की माणूस सोडू नका, पैसे आमचे.

आपल्याकडे सांगितलं की माणूस सोडू नका, पैसे तुमचे.

अगदीच काही दिलं नाही असं नाही. १०० पर्यंत कर्मचारी आणि त्यातले ९० टक्के १५,००० च्या आत पगार घेणारे, अशा आस्थापनांचा दोन्ही बाजूंचा फंड, म्हणजे २४ टक्के, काही महिने सरकारनं भरला. कर्जाचे हप्ते तीन महिने पुढे ढकलायची मुभा रिझर्व्ह बँकेनं २७ मार्चला दिली. पण पगाराला लागते ती रोकड. तेव्हाच्या वेतन प्रदान कायद्याप्रमाणे हजारापेक्षा कमी कामगार असतील तिथे पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत. म्हणजे एप्रिलचा पगार ७ मेच्या आत हवा. लघुउद्योगांसाठी तीन लाख कोटींची विनातारण कर्जयोजना अर्थमंत्र्यांनी जाहीर केली १३ मेला. आधी पगार द्या म्हणायचं आणि त्यासाठीचं कर्ज, तेही फेडायचंच कर्ज, पगाराची तारीख उलटल्यावर जाहीर करायचं. चाळीस माणसांच्या वर्कशॉपवाल्याची तक्रार इथे खोटी नव्हती. मात्र चाळीस माणसांच्या वर्कशॉपवाल्याच्या आडून ज्यांच्या ताळेबंदात पैसे होते त्यांनीही हात वर केले, हेही तितकंच खरं. पुढे सर्वोच्च न्यायालयात केंद्रानं हाच मुद्दा मांडला : ज्यांना परवडत नाही म्हणता, त्यांनी लेखापरीक्षित ताळेबंद दाखवावेत. मुद्दा चोख होता. फक्त आदेश काढताना ताळेबंद कुठे आणि कुणाला दाखवायचे याची सोय ठेवली असती, तर तो जूनमध्ये वकिलाच्या तोंडून यायची वेळ आली नसती.

हा गोंधळ चालू असतानाच दिल्लीत उलट वारं वाहत होतं. भर्तृहरी महताब यांच्या अध्यक्षतेखालच्या श्रमविषयक संसदीय स्थायी समितीनं प्रस्तावित औद्योगिक संबंध संहितेवरचा अहवाल २३ एप्रिलला लोकसभा अध्यक्षांकडे दिला. मालकाचा दोष नसताना, नैसर्गिक आपत्तीत आस्थापना बंद पडली तर त्या काळाचं वेतन त्याच्यावर लादणं योग्य नाही, असा त्याचा सूर. गृह मंत्रालय पूर्ण पगार द्या म्हणतंय आणि संसदेची समिती लादू नका म्हणतेय, त्याच महिन्यात. मालकांच्या संघटनांनी त्या अहवालाच्या बातम्या व्हॉट्सअॅपवर किती फिरवल्या असतील, सांगायला नको.

औरंगाबाद, ३० एप्रिल आणि १२ मे

आता चौथं उत्तर. तेव्हाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे अलाइन कंपोनंट्स आणि इतर कंपन्या आल्या. त्यांचं म्हणणं पगार देणारच नाही असं नव्हतं. अर्धा बेसिक आणि पूर्ण महागाई भत्ता, किंवा किमान वेतन, यांतलं जे जास्त असेल ते देऊ, एवढी मोकळीक द्या.

न्या. रवींद्र घुगे यांनी ३० एप्रिलला दिलेल्या आदेशात ती मोकळीक दिली नाही. ग्रॉस पगार द्या. फक्त प्रवास आणि जेवणाचे भत्ते, जे प्रत्यक्ष कामावर येणाऱ्यालाच मिळतात, ते वगळा. आपल्या पगारपत्रकावरचे १०,५०० इथून आले. बसभाडं पडलंच नाही तर बसभाड्याचे पैसे कशाला? पगारपत्रक समजून घेऊन केलेली विभागणी आहे ही. त्याबरोबर दुसरी बाजूही बांधली : जिथे बंदी उठली आहे तिथे कामगारांनी पाळीप्रमाणे हजर व्हावं, आणि मुद्दाम न येणाऱ्याचा पगार कापायची मुभा मालकाला राहील.

बारा दिवसांनी त्याच न्यायमूर्तींपुढे आलेलं प्रकरण मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण तिथे याचिका मालकाची नव्हती. तुळजापूरच्या तुळजाभवानी मंदिर संस्थानात कंत्राटदारामार्फत काम करणारे कामगार. मंदिर बंद, त्यामुळे काम बंद. आम्ही यायला तयार आहोत, पण येऊ दिलं जात नाही, आणि पगारही मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं. राष्ट्रीय श्रमिक आघाडी ही युनियन त्यांच्या वतीनं कोर्टात गेली.

१२ मे २०२० च्या आदेशात न्यायालयानं म्हटलं की अशा असाधारण परिस्थितीत ‘काम नाही तर वेतन नाही’ हे तत्त्व सकृतदर्शनी लावता येणार नाही, आणि या कामगारांच्या हालांकडे न्यायालय डोळेझाक करू शकत नाही. मार्च, एप्रिल आणि मे, तिन्ही महिन्यांचं पूर्ण वेतन, प्रवास-जेवणाचे भत्ते सोडून. ते दिलं जातंय हे पाहण्याची जबाबदारी संस्थानाचे प्रमुख असलेल्या जिल्हाधिकाऱ्यांवर टाकली.

हे का जमलं? मुख्य मालक, म्हणजे कंत्राटदाराकडून काम करून घेणारा, कोण याबद्दल शंका नव्हती. त्याचा प्रमुख सरकारी अधिकारी होता. आणि लॉकडाऊनमध्ये याचिका दाखल करू शकणारी युनियन आधीपासून उभी होती. यातली तिसरी गोष्ट काढून टाका, पहिल्या दोन असूनही काही झालं नसतं. आदेश सगळ्यांसाठी होता. मिळाला तो ज्यांच्या बाजूनं बोलणारं आधीच कुणी होतं त्यांना. एखाद्या एमआयडीसीत तीन कंत्राटदार बदलून आलेला, नियुक्तीपत्र नसलेला, मस्टरवर नाव आहे की नाही हेही ठाऊक नसलेला पोरगा कुठल्या खंडपीठापुढे जाणार होता? अशा ठिकाणी एप्रिलमध्ये जे थोडे पैसे हातावर ठेवले गेले, त्याला कंत्राटदार ‘उचल’ म्हणत. पगार म्हटला की हक्क झाला. उचल म्हटली की पुढच्या हजेरीतून वळती करता येते. शब्द जपून निवडलेला होता.

या दोन आदेशांच्या मध्ये, ८ मेच्या पहाटे, जालन्याहून निघालेले १६ मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले असताना मालगाडीखाली गेले. जालन्यातल्या स्टील कारखान्यात काम करणारे, मध्य प्रदेशातले. भुसावळला रेल्वे मिळेल या आशेवर निघाले होते. रुळांवर पसरलेल्या पोळ्यांचा फोटो अजून डोळ्यांसमोरून जात नाही. माणसांना जागेवर धरून ठेवायला काढलेला तो आदेश तेव्हा लागू होता, चाळिसाव्या दिवसाच्या पुढे गेलेला.

एक ओळ

१७ मे. लॉकडाऊनचा तिसरा टप्पा संपत होता, चौथा ३१ मेपर्यंत वाढवायचा होता. गृह सचिवांनी नवा आदेश काढला. त्यात म्हटलं होतं की सोबतच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये वेगळं काही नसेल तर कलम १०(२)(एल) खाली आधी काढलेले आदेश १८ मेपासून लागू राहणार नाहीत. सूचनांमध्ये रेड झोन होते, रात्रीची संचारबंदी होती, मास्क होते. पगार नव्हता.

संपला. ‘पगाराचा आदेश मागे घेत आहोत’ असं कुठेही लिहिलेलं नाही. ओळीत पगार हा शब्दसुद्धा नाही.

दोन दिवस आधीच, १५ मेला, लुधियानाच्या हँड टूल्स असोसिएशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं याचिकादारांवर तूर्त कठोर कारवाई करू नका असं सांगितलं होतं. बातमीचा मथळा झाला ‘पगार न देणाऱ्यांवर कारवाई नको’, आणि ज्यांचा त्या याचिकेशी संबंध नव्हता अशा मालकांनीही तो कामगारांना वाचून दाखवला.

मोजणीची एक गंमत इथे नोंदवतो. २५ मार्च ते १७ मे मोजलं तर ५४ दिवस होतात. २९ मार्च ते १७ मे, ५०. कोर्टातल्या चर्चेत, बातम्यांत दोन्ही आकडे फिरले. निकालात ५० राहिले. मधले चार दिवस, २५ ते २८ मार्च, कुठे गेले? कारखाने बंदच होते, पण आदेश निघायचा होता. आदेशाच्या शब्दांप्रमाणे बंदचा सगळा काळ धरायला हवा. माणूस तर चारही दिवस उपाशीच होता.

१२ जून

सर्वोच्च न्यायालयात फायकस पॅक्स ही खासगी कंपनी पहिल्या नावानं. सोबत महाराष्ट्राच्या ३१ मार्चच्या निर्णयालाही आव्हान देणारी नागरीका एक्स्पोर्ट्स, आणि इतर. युक्तिवादांचा गाभा असा. कलम १०(२)(एल) केंद्राच्या समितीला सरकारी खाती आणि राज्यं यांना निर्देश द्यायचा अधिकार देतं; खासगी मालकाच्या तिजोरीला हात घालायचा अधिकार त्यात कुठे आहे? औद्योगिक विवाद कायदा अशा वेळी ५० टक्के म्हणतो, तर आपत्ती कायद्यातून १०० कसे आले? काम करणारा आणि न करणारा यांना सारखाच पगार, ही कसली समता?

पहिला मुद्दा वजनदार आहे, कायदा उघडून पाहिला की कुणालाही पटेल. दुसऱ्यावर सुनावणीत न्यायमूर्तींनीही केंद्राला विचारलं. तिसरा मात्र मला पटत नाही. घरी बसलेला कामगार स्वतःच्या मर्जीनं बसला नव्हता. बाहेर पडला असता तर पोलिसांच्या काठीची पाठीशी गाठ होती. सरकारनं दार बंद केलं, मालकानं गेट बंद केलं, आणि गैरहजेरी मात्र त्याच्या नावावर!

न्या. अशोक भूषण, न्या. संजय किशन कौल आणि न्या. एम. आर. शाह यांच्या पीठानं १२ जून २०२० ला अंतरिम आदेश दिला. आदेश वैध की अवैध हे ठरवलं नाही. तो प्रश्न पुढे ठेवला. उद्योगाला कामगार हवा, कामगाराला उद्योग, म्हणून बसून मिटवा, असं सांगितलं. ज्या आस्थापना तयार असतील त्यांनी या ५० दिवसांच्या वेतनाबद्दल कामगारांशी किंवा त्यांच्या संघटनेशी बोलणी करावीत; जमलं नाही तर कामगार खात्याकडे तडजोडीसाठी जावं. जी तडजोड होईल ती २९ मार्चच्या आदेशाकडे न पाहता अमलात आणता येईल. कामावर यायला तयार असलेल्यांना घ्यावं, आणि थकीत पगाराचा त्यांचा हक्क त्यामुळे बुडणार नाही. कठोर कारवाई न करण्याचं संरक्षण चालू राहील.

वाचायला समंजस वाटतं. एकेक अट कामगाराच्या बाजूनं वाचून पाहा. ‘ज्या आस्थापना तयार असतील’, म्हणजे सुरुवात मालकाच्या इच्छेनं. बोलणी कुणाशी? युनियन असेल तर युनियनशी. नसेल तर एकेका कामगाराशी, केबिनमध्ये बोलावून, ज्याला उद्या कामावर घ्यायचं की नाही हे त्याच मालकाच्या हातात आहे. आणि तडजोड आदेशाकडे न पाहता लागू, म्हणजे शंभर टक्क्यांची मागणी टेबलावर ठेवायचीच असेल तर ती कशाच्या आधारावर ठेवायची? जून २०२० मध्ये हातात काम परत मिळणं हीच लॉटरी होती. अशा वेळी कोण म्हणणार, साहेब, एप्रिलचं आधी बोला?

त्यामुळे ज्या कारखान्यांत जुनी, दमदार युनियन होती तिथे करार झाले. कुठे पगार निम्मे-अर्धे ठरले, कुठे रजा वळत्या केल्या, कुठे रविवारी काम करून दिवस फेडायचं ठरलं. बाकीच्या ठिकाणी काहीच ठरलं नाही, आणि काही ठरलं नाही की पैसे ज्याच्याकडे असतात त्याच्याकडेच राहतात.

तुलनेसाठी एक बाजूचं प्रकरण. गुजरात सरकारनं १७ एप्रिल २०२० ला अधिसूचना काढून कारखान्यांना दिवसाला १२ तास, आठवड्याला ७२ तास काम घ्यायची मुभा दिली, जादा वेळेचा दुप्पट दर न देता. गुजरात मजदूर सभा कोर्टात गेली. १ ऑक्टोबर २०२० ला न्या. धनंजय चंद्रचूड, न्या. इंदू मल्होत्रा आणि न्या. के. एम. जोसेफ यांच्या पीठानं ती अधिसूचना रद्द केली. कारखाना कायद्यातली ‘सार्वजनिक आणीबाणी’ म्हणजे देशाच्या सुरक्षेला युद्ध, परकीय आक्रमण किंवा अंतर्गत अशांततेचा धोका. साथीमुळे आलेली मंदी त्यात बसत नाही. शिवाय त्या काळातल्या जादा तासांचे पैसे द्या. इथे स्पष्ट निकाल लागला, कारण प्रश्न चालू काम आणि त्याच्या दराचा होता, आणि दर कायद्यात छापलेला होता. बंद गेटच्या आतल्या पगाराचा दर कुठल्याच कायद्यात सरळ छापलेला नव्हता.

अजूनही नाही. जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आणायच्या चार संहितांपैकी उरलेल्या तीन संसदेनं सप्टेंबर २०२० मध्ये मंजूर केल्या. चारही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. ले-ऑफची भरपाई तशीच ५० टक्के. ले-ऑफसाठी सरकारची आगाऊ परवानगी लागायची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर गेली. सामाजिक सुरक्षा संहितेत ‘महासाथ’ हा शब्द आला खरा. तो अशा काळात फंड आणि ईएसआयची (कामगार राज्य विम्याची) वर्गणी तीन महिन्यांपर्यंत पुढे ढकलता किंवा कमी करता यावी म्हणून. पगाराच्या बाजूला तो आलेला नाही.

मे २०२० ची पगारपत्रकं अजून कुठल्या कुठल्या कपाटांत असतील. त्यातल्या एकावर मी पाहिलं होतं : १ ते १७ तारखांच्या रकान्यात ‘एल. डी.’, म्हणजे लॉकडाऊन, आणि १८ पासून ३१ पर्यंत ‘ए’, म्हणजे अॅब्सेंट. गेट ३१ तारखेपर्यंत बंदच होतं.